बारा वर्षांनंतर पुन्हा खाऱ्या पाण्याचा टँक

समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याचा टँक एकदा सांभाळलेला माणूस पुन्हा त्या वाटेला लागतो, तेव्हा आपल्याला सगळे येते असे त्याला वाटत असते आणि तिथेच तो फसतो. नवखा माणूस घाबरून चार ठिकाणी चौकशी करतो. आपण जुन्या आठवणींवर निम्मी खरेदी उरकून मोकळे होतो. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरातला चार फुटी टँक मी २०१२ साली मोडला आणि २०२४ मध्ये घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये सहा फुटी टँक लावला. माळ्यावरून उतरवलेल्या सामानापैकी उपयोगी पडल्या त्या दोन बादल्या आणि एक लांब चिमटा. उरलेल्या मिठाचा दगड झाला होता, टेस्ट किटांची मुदत केव्हाच संपली होती आणि जुन्या काचेच्या सांध्यांतले सिलिकॉन नखाने सुटत होते. असे सामान ‘अजून चालेल’ म्हणून वापरू नये. विशेषतः ओल धरून दगड झालेले मीठ नीट विरघळत नाही आणि त्यातल्या क्षारांचे प्रमाणही भरवशाचे राहत नाही.

पहिला प्रश्न माशांचा नसून वजनाचा आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावते. १२ मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या आसपास भरते. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालच्या सम्पमधले, म्हणजे स्टँडमध्ये ठेवलेल्या फिल्टरच्या टाकीतले, पाणी धरले की एकूण भार एक टनाच्या घरात जातो, आणि तो जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण तो कसा वाटला जाईल हे आपण अंदाजाने ठरवू नये. सोसायटीकडून इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवावे. टँकची लांब बाजू खाली बीम असलेल्या भिंतीला लागून, शक्यतो कॉलमजवळ असावी. ठाण्यातल्या अनेक फ्लॅटांत बाल्कनी हॉलमध्ये सामावून घेतलेली असते आणि टाइल एकसारखी बसवल्यामुळे जुनी सीमारेषा दिसत नाही. खिडकीजवळची ती ऐसपैस जागा टँकसाठी नेमकी मोहात पाडते. तो भाग इमारतीबाहेर काढलेला असतो. तिथे टँक मुळीच ठेवू नये.

सहा फुटी टँक बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून कारागिराकडून काचा घरातच जोडून घेणे सोयीचे पडते. बुरशीरोधक सिलिकॉन वापरू द्यायचे नाही, आणि जोडल्यानंतर किमान आठवडाभर पाणी भरायचे नाही. स्टँड स्पिरिट लेव्हलने चारही बाजूंनी तपासावा.

पाण्याच्या बाबतीत माझी जुनी सवय सर्वांत चुकीची ठरली. पूर्वी मी नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून वापरत असे. आता आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, कधी त्यात बोअरचे मिसळलेले असते, आणि टीडीएस मीटरवरचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) आकडा आठवड्यागणिक बदलतो. अशा पाण्यातले सिलिकेट, फॉस्फेट आणि नायट्रेट पुढे शेवाळाच्या रूपाने काचेवर उगवते. स्वयंपाकघरातला आरओही इथे चालत नाही, कारण त्यातल्या अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मुद्दाम परत मिसळलेले असते. वेगळे आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढणारे) घ्यावे आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय पाणी वापरू नये. दिवसाला ७५ गॅलनचे साधे युनिट चांगल्या दाबावर तासाला दहा-बारा लिटर देते, म्हणजे टँक भरायला तीन दिवस सहज जातात. गाळताना त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी लादी पुसायला आणि फ्लशला वापरता येते. टँकरचे बिल भरणाऱ्या सोसायटीत ते गटारात सोडणे शोभत नाही. फुकटचे समुद्राचे पाणी म्हणून खाडीकडे तर पाहूच नये. ठाणे खाडीचे पाणी निमखारे आहे आणि त्यात सांडपाणी मिसळते.

मीठ खास टँकचेच हवे. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरले तर पहिल्या भरणीला पंचवीसेक किलो लागते. पहिल्या वेळी, टँकमध्ये वाळू-दगड नसताना, ते टँकमध्येच विरघळवता येते. मात्र पंप चालू ठेवून पाण्यात मीठ थोडे थोडे टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. एक दिवस फिरू दिल्यावर क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना १.०२६ घनतेच्या जवळ आली पाहिजे. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर लावून भागत नाही, तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा. पुढे रोज उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर आरओ-डीआय पाण्याची घालायची, मिठाच्या पाण्याची नव्हे.

परंतु मीठ टाकण्याआधी एक चाचणी करावी, आणि ती मी जन्मात विसरणार नाही. जुन्या घरात एका रात्री वीज गेली, पंप थांबला, आणि सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या परतीच्या पाइपाचे तोंड टँकमध्ये खोल असल्याने पाणी सायफनने उलटे खाली येत राहिले. सम्प भरून वाहू लागला. पहाटे खालच्या मजल्यावरच्या काकू हातात भिजलेली पंचांगाची पाने घेऊन दारात उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. म्हणून आता टँक आणि सम्प आधी साध्या पाण्याने भरावा, पंप चालू करावा आणि हाताने तीन-चार वेळा बंद करावा. खाली उतरलेले सगळे पाणी सम्पमध्ये मावले पाहिजे. मावत नसेल तर चालू अवस्थेतली सम्पची पातळी कमी करून तिथे मार्करने जाड रेघ ओढावी आणि त्यापुढे कधीही पाणी भरू नये. परतीच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली इंचभरच ठेवावे. सायफन तोडण्यासाठी पाइपाला पाडलेले बारीक भोक शेवाळाने बुजते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह क्षार साचून अडकतो, त्यामुळे या दोहोंवर विसंबू नये. टँकमधून सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोला मुख्य आणि आपत्कालीन असे दोन निचरे असावेत.

वीज गेल्यावर माशांना पहिला फटका प्राणवायूचा बसतो, कारण कोमट आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. सगळी यंत्रणा इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही. पंधरा-वीस वॅटचा एक वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवतो आणि घरच्या बॅटरीवर रात्रभर सहज चालतो. टँकच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा, बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि बाजूला घ्यावा, आणि प्रत्येक वायरला प्लगआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल.

उष्णतेचा हिशेब ठाण्यात कागदावरचा आणि प्रत्यक्षातला वेगळा निघतो. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचे असते. एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, आणि आपण चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे वाचले म्हणून खूश होतो. जूनपासून हवा इतकी दमट होते की त्याच पंख्याने जेमतेम फरक पडतो. मोठ्या टँकला चिलर लागतोच असे समजून खर्च धरावा. चिलर पाण्यातली उष्णता खोलीतच सोडतो, त्यामुळे तो कपाटात कोंडू नये. पाइप नेता येत असतील तर ड्राय बाल्कनी उत्तम.

दिव्यांवर मात्र हात आखडता घ्यावा. पूर्वीचे तापणारे मेटल हॅलाइड गेले, एलईडी आले, आणि दुकानदार प्रवाळांसाठीचे महागडे दिवे पुढे करतात. समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. समुद्री घोडे, समुद्री काकडी आणि काही महाकाय शिंपलेही त्यात आले. ‘सगळेच ठेवतात’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवाणू आणि जीव चिकटलेला दगड, घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा बनवलेले कोरडे दगड घ्यावेत. माशांपुरत्या टँकला साधा एलईडी पुरतो. वाचलेले पैसे चांगल्या स्किमरवर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रावर) खर्च करावेत.

दगड कोरडे असल्याने माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू शून्यातून वाढवावे लागतात. पूर्वी आम्ही त्यासाठी दोन-चार डॅमसेल, म्हणजे छोटे काटक मासे, सोडायचो. ते होरपळायचे, आणि वाचले तर नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला छळायचे. आता बाटलीतले जिवाणू घालून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यावा. तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतो. पुन्हा तेवढाच अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की नायट्रेट कमी करण्यासाठी बरेचसे पाणी बदलावे. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच वाळूवर तपकिरी थर येतो. तो डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, असतो आणि आपोआप ओसरतो.

याच काळात साठ-सत्तर लिटरचा क्वारंटाइन टँक तयार ठेवावा: स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे, बस. प्रत्येक मासा तिथे किमान चार आठवडे राहील. क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीचे पांढरे ठिपके मुख्य टँकमध्ये आले, तर सगळे मासे बाहेर काढून तो ७६ दिवस रिकामा ठेवण्याची पाळी येते. तांब्याचे औषध मुख्य टँकमध्ये घालता येत नाही, कारण ते दगडात मुरते आणि कोळंबी-गोगलगायींना मारते.

पहिली जोडी ओसेलॅरिस क्लाउनफिशची, तीही प्रजनन केंद्रात वाढलेली, घ्यावी. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केलेले आहे. पुढचे मासे महिन्या-महिन्याच्या अंतराने, आणि टँग जातीचे मासे सर्वांत शेवटी. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा अख्खा डबा देऊ नये. रोजची चिमूट वेगवेगळ्या पुडीत बांधून वर वार लिहावा, डबा कुलपात ठेवावा, आणि सम्पवरची ती जाड रेघ त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावी.