सोसायटीचा गानवृंद: आधी पट्टी ठरवा

गणपतीत पंधरा मिनिटं गायचं असेल तर आषाढ लागताच तालमी सुरू करा. पंधरा-वीस माणसं, आठवड्यातून दोनदा दीड तास, गाणी तीन. चौथं हट्टानं घेतलं की चारही कच्ची राहतात.

पुण्याला हे नवं नाही. १८९०च्या दशकात गणेशोत्सवात मेळे, म्हणजे गाणाऱ्यांचे गट, पदं म्हणत असत. पण सुरुवातीच्या मेळ्यांत गाणारे बहुतेक मुलगेच. तुमच्याकडे काकू, आजोबा आणि कॉलेजातली पोरं एकत्र येणार. अडतं ते पट्टीवर, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा यावर. बायकांना साधारण काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी) सोयीची, पुरुषांना काळी एक. मधली कुठलीतरी धरली की दोघांचेही गळे अवघडतात.

म्हणून गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी पेटीवर शोधा. चाल सा ते तार सा (वरचा सा) एवढ्यातच फिरत असेल तर सगळ्यांना काळी एक द्या. बायका आपोआप एक सप्तक वर गातात. अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत, चढला की तेवढी ओळ त्यांनी सप्तक उतरवून पुरुषांच्या सुरात म्हणायची. कराओके ट्रॅक नको. तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तुमच्या नाही.

नवी ओळ आधी बोलून घ्या, मग पेटीवर, मग नुसत्या तानपुऱ्यावर. गाणं संपताच पेटीचा सा दाबून बघा. सूर उतरलेला असतोच, बहुधा लांबवलेल्या स्वरांवर, श्वास संपत आल्यामुळे. लांब ओळीत शेजाऱ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. कुणी कुठे घ्यायचा याची खूण कागदावर करा. शब्द मात्र पाठच हवेत. मोबाइलमध्ये बघून गाणाऱ्याची मान खाली जाते, आवाजही.

क्लबहाउसच्या फरशीवर आवाज घुमतो आणि चुका लपतात, तेव्हा सतरंज्या अंथरा. पक्क्या सुराच्या दोघांमध्ये एक कच्चा बसवा. सगळे पक्के एका कोपऱ्यात बसले की बाकीचे नुसते ओठ हलवतात. तबला गाणाऱ्यांच्या जवळ ठेवा. लांबून ऐकला तर लय पळते किंवा रेंगाळते.

मांडवात प्रत्येकाला माइक देऊ नका. अर्धवर्तुळात दोन रांगा, समोर तीन माइक, आणि स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवलात तर शिट्टी वाजणारच.