बिस्किटांचा डबा आणि कन्फर्मेशनचा वर्ग

आमचं धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालचा परिसर, वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं. तिथे कन्फर्मेशनच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरणाच्या विधीची तयारी करणाऱ्या वर्गाला मी अकरा वर्षं शिकवतेय. मुलं नववी-दहावीची. रविवारच्या सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, सव्वा तास मिळतो. यंदा फादरांनी हा वर्ग तुमच्या गळ्यात घातला असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

पहिल्या वर्षी मी पवित्र आत्म्याची सात दानं फळ्यावर लिहून पाठ करून घेतली. बिशपांसमोर मुलांनी ती घडाघडा म्हटली. पुढच्या रविवारी मिस्सेला सोळांपैकी पाच जण दिसले. बाकीच्यांना जणू शाळा सोडल्याचा दाखलाच मिळाला होता.

दुसऱ्या वर्षी मी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि झाकणाला चीर पाडली. दर रविवारी प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, नाव न घालता. प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहा, असं मी सांगते. अर्ध्या चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत असतात. त्यावर नाक मुरडू नका. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, वर्गात नको. उत्तर पुढच्या रविवारी. तेवढ्यात फादरांना विचारून घेता येतं.

एका चिठ्ठीत होतं : ‘आजीसाठी नऊ दिवस नोव्हेना केली. तरी आजी गेली. मग प्रार्थना कशाला?’

यावर भाषण देण्याचा मोह आवरा. मी मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडला, गेथसेमानेचा प्रसंग : अटकेआधीच्या रात्री येशू तिथे प्रार्थना करतो. एका मुलाला सावकाश वाचायला सांगितलं. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ इथे थांबवून मी एवढंच विचारलं, “मग झाला का दूर?” बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नाही, टीचर. म्हणजे त्यालाही नाही मिळालं.” पुनरुत्थानाचं मी त्या दिवशी बोललेच नाही, ते पुढच्या रविवारी. मेणबत्ती लावली आणि ज्याने त्याने आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण सांगायची असं ठरलं. पाच जणांनी ‘आजी’ म्हटलं. चिठ्ठी कोणाची, ते मला आजही माहीत नाही.

संत शिकवायचे तर घरचे घ्या. मी मुलांना वसईच्या किल्ल्यात नेते, जिथे ती एरवी रील काढायला जातात. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. जेझुइटांकडे, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे, शिकले, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले. त्यांना जेझुइट व्हायचं होतं, पण संघात घेतलं नाही. मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांत ते होते. त्यांच्यात तीन पोरं होती, वय बारा, तेरा आणि चौदा. हे आकडे सांगितल्यावर गप्प बसा. आणि ‘घेतलं नाही’ या भागावर जास्त वेळ द्या. दहावीच्या मुलांना तिथे काहीतरी लागतं, हुतात्म्याच्या शौर्यापेक्षा जास्त.

कन्फेशनआधी, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करण्याआधी, मुलांना पापांची यादी वाचून दाखवू नका. आत गेल्यावर काय म्हणायचं, विसरलो तर काय, फादर बाहेर कुणाला सांगतील का, एवढ्याच भीती असतात. कबुलीजबाबाचं गुपित फादर कधीही फोडू शकत नाहीत, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मुलांच्या सुरक्षिततेत मात्र हयगय नको. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पालक हवेतच. मुलांशी खासगी चॅट नाही. चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराची पुसटशीही शंका दिसली तर डब्याचं गुपित तिथे संपतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हा अपवाद मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मिस्सेतल्या विनंत्या मुलांकडून लिहून घ्या, पण सुधारू नका. ‘विरार लोकलमध्ये लटकणाऱ्या आमच्या बाबांसाठी’ ही विनंती एका मुलाने वाचली तेव्हा आमच्या देवळातली पुरुषांची बाजू पहिल्यांदा देवाला मोठ्याने ‘ऐक’ म्हणाली.

जानेवारीनंतर बोर्डाच्या परीक्षेमुळे वर्ग ओस पडतो. ओढाताण न करता डबा तेवढा देवळाच्या दारात ठेवा. गेल्या फेब्रुवारीत चिठ्ठी आली, ‘टीचर, गणितासाठी कुठला संत?’ मी नोटीस बोर्डावर लिहिलं : कुपर्टिनोचे संत जोसेफ, परीक्षा देणाऱ्यांचे आश्रयदाते. त्रिकोणमिती तुझी तू कर.