नवे सिक्लिड सोडण्याआधी दगड हलवा

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड, म्हणजे खडकांत राहणारे मासे, टाकीतल्या एकेका कपारीवर हक्क सांगतात. नवा मासा आत आला की जुना मालक पर ताठ करून त्याच्यामागे लागतो. त्यामुळे मासे सोडायच्या थोडं आधी सगळे दगड उचलून वेगळ्या पद्धतीने रचा. जुन्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच नव्याने घर शोधावं लागतं. खालचे दगड मात्र वाळूवर न ठेवता तळाशी पक्के टेकवा, कारण हे मासे वाळू उकरतात आणि ढीग कोसळतो.

एकटा मासा कधीच आणू नका, सगळा मार त्यालाच बसतो. चार-सहा एकदम आणा, तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून आजार नाही ना हे बघा. हा टप्पा गाळायचा मोह होतो, पण गाळू नका.

सोडताना पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तिच्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घाला आणि मासे जाळीने आत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत न घालता फेकून द्या. मासे सोडण्याआधी जुन्यांना खाऊ घाला, दिवा बंद ठेवा.

एखादा मासा वर कोपऱ्यात हीटरमागे दडून बसला, पर फाटलेले दिसले, तर त्याला लगेच बाहेर काढा.