घरच्या घरी रेट्रो गेम कन्सोल बनवताय? या चुका टाळा

'मुस्तफा' पुन्हा खेळायचा आहे, एवढ्या एका ओढीने कित्येक जण या वाटेला येतात. कॅपकॉमच्या 1993 सालच्या त्या आर्केड गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण पार्लरमध्ये नाणं टाकताना ते कुणी घेत नसे. चौघांतला सगळ्यांत चपळ गडी मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफाच. आज रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'; पाय 4, पाय 5 ही त्याची मॉडेल्स), एक मेमरी कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर एवढ्यावर तो घरच्या टीव्हीवर लागतो. लागला नाही, की आपण गेमच्याच फाइली बदलत बसतो. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

मोबाइलचा चार्जर लावू नका

सुरुवातीला माझा गेम मधूनमधून अडखळायचा, आवाज फाटायचा. मी कार्ड तीनदा नव्याने बनवलं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात विजेची छोटी पिवळी खूण येत-जात होती, तिच्याकडे मात्र लक्ष दिलं नाही. सगळं उत्तर त्या खुणेतच होतं. बोर्डाला मिळणारं व्होल्टेज 4.63च्या खाली गेलं की ती दिसते, आणि पाय स्वतःचा वेग कमी करतो.

पाय 4 ला 5 व्होल्टवर 3 अँपिअर लागतात. 'माझा चार्जर 33 वॅटचा आहे, मग कमी कसा पडेल?' असं वाटणं साहजिक आहे. पण फास्ट चार्जर एवढे वॅट सहसा 5 पेक्षा जास्त व्होल्टेजवर देतात, आणि पाय 4 तर फक्त 5 व्होल्टच घेतो. तेवढ्यावर अनेक चार्जर 2 अँपिअरच्या आसपासच थांबतात. त्यात केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच गळतं. पायसाठी बनवलेला अडॅप्टर घ्या. या सगळ्या खटाटोपात पैसे वाचवू नयेत अशी हीच एक जागा आहे, असं माझं ठाम मत आहे.

कार्ड

डाउनलोड केलेली इमेज फाइल (गेम चालवणाऱ्या प्रणालीची अख्खी प्रत) कार्डावर नुसती कॉपी-पेस्ट केली तर पाय सुरूच होणार नाही. ती रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमनेच लिहावी लागते. बोर्ड कोणता आहे तेही पाहा. जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोपाय या प्रणालीची 4.8 ही आवृत्ती मार्च 2022ची आहे, पाय 5 आला 2023मध्ये. त्यामुळे ती इमेज पाय 5 वर उठत नाही, तिथे बाटोसेरा ही तशीच दुसरी प्रणाली घ्या. कार्ड फारच स्वस्तात मिळालं असेल तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने तपासा. वर 128 जीबी छापलेलं आणि आत त्याच्या पावपटही नसलेलं कार्ड बाजारात सर्रास मिळतं.

हजारो गेम भरून विकायला ठेवलेली तयार कार्डं मात्र टाळा. रेट्रोपायसोबत एकही व्यावसायिक गेम येत नाही, कारण त्या गेमचे कॉपीराइट अजून लागू आहेत. आधी सगळं नीट चालतंय का हे बघायला 'रॉबी रोटो' घ्या. हा जुना आर्केड गेम मेम या एम्युलेटरच्या (म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साइटवर बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत ठेवलेला आहे.

फाइलचं नाव बदलू नका

आर्केड गेमची झिप फाइल उघडून आतलं सामान बाहेर काढायचं नसतं, आणि तिचं नावही बदलायचं नसतं. आपल्या मुस्तफाच्या झिपचं नाव 'डायनो' असतं. ओळखायला सोपं जावं म्हणून कुणी ते 'मुस्तफा' केलं, की एम्युलेटरच्या लेखी तो गेमच उरत नाही, कारण तो नावावरूनच गेम ओळखतो. यादीत हवं ते नाव दिसावं अशी सोय मेनूतल्या मेटाडेटामध्ये आहे, ती वापरा.

नाव बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होऊन परत मेनूवर येत असेल, तर आवृत्ती जुळत नाही असं समजा. मेम 2003 या जुन्या एम्युलेटरला मेमच्या 0.78 आवृत्तीसाठी बनवलेलाच गेमसंच लागतो. नव्या मेमसाठी बनवलेली झिप त्याला बऱ्याचदा चालत नाही.

प्लेस्टेशनच्या गेममध्ये बिन आणि क्यू अशा दोन फाइली असतात. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत बिन फाइलचं नाव लिहिलेलं दिसेल, ते प्रत्यक्षातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. हे सगळं लिनक्सवर चालतं, त्यामुळे इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरकही तिथे मोजला जातो. बायोसच्या (मूळ कन्सोल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलींचंही तसंच.

थेट स्विच बंद करू नका

ही चूक सगळ्यांत जास्त जिवाला लागते. जुन्या कार्ट्रिजमधली सेव्ह बॅटरीवर टिकायची. इथे तुम्ही गेममध्ये सेव्ह केलंत तरी ते आधी मेमरीतच राहतं, आणि एम्युलेटर बंद होताना कार्डावर उतरतं. तासभर खेळून भिंतीवरचं बटण बंद केलं की तो तास गेला. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर अख्खं कार्डही खराब होऊ शकतं. आधी सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबून गेममधून बाहेर या, मग मेनूतून शटडाउन करा. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वीज काढा.

सिलेक्ट-स्टार्टने बाहेर पडता येत नसेल, तर कंट्रोलर जोडताना हॉटकी (जिच्यासोबत दुसरं बटण दाबून असे हुकूम देता येतात ते बटण) ठरवायची राहिली आहे. सेटअप पुन्हा करा, आणि हॉटकी सिलेक्टवर ठेवू का असं विचारलं की 'येस' म्हणा.

उडी उशिरा लागतेय?

कंट्रोलर बदलण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारायच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम थोडी अडवून ठेवतो आणि बटण दाबल्यावर मारिओ क्षणभराने उडतो. पाय 4 वर पडदा कोराच राहिला, तर एचडीएमआय केबल वीज लावायच्या पोर्टाशेजारच्या पोर्टात आहे ना, ते बघा. आणि गेममधला गोल चेंडू अंड्यासारखा दिसत असेल तर 4:3चं चित्र 16:9वर ताणलं गेलंय. रेट्रोआर्कच्या (एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्हिडिओ सेटिंगमध्ये अॅस्पेक्ट रेशो 'कोअर प्रोव्हायडेड' करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि चेंडू पुन्हा गोल दिसेल.