शॉर्टच्या गोल्डनरॉडच्या हर्बेरियम नोंदी कशा तपासाव्यात

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या ‘सॉलिडॅगो शॉर्टिआय’च्या, म्हणजे शॉर्टच्या गोल्डनरॉड या फुलझाडाच्या, हर्बेरियम नोंदी (वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या नोंदी) गोळा करताना आधी संग्राहकाचे नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख जुळवा. एकाच वेळी खुडलेले नमुने अनेक संग्रहालयांत वाटले जातात. बारकोड वेगळे म्हणून त्या वेगळ्या नोंदी धरल्या, की संख्या उगाच फुगते.

मग स्थळ. ओहायो नदीच्या धबधब्याजवळचे, १८४० च्या सुमाराचे नमुने आजच्या नकाशात मिसळू नका. तिथून ही वनस्पती नाहीशी झाली आहे. १९३९ मध्ये ती केंटकीतल्याच ब्लू लिक्स परिसरात सापडली, २००१ मध्ये इंडियानात. जात संकटग्रस्त असल्याने ऑनलाइन नोंदींत अक्षांश-रेखांश बरेचदा लपवलेले किंवा मुद्दाम ढोबळ ठेवलेले असतात. नेमके हवे तर संग्रहालयाकडे रीतसर मागा.

नाव मूळ लेबलावरून घेऊ नका, नमुना चिकटवलेल्या शीटवरची सर्वांत नवी ओळख-चिठ्ठी पाहा.