ढाळ थांबवणारी गोळी : या चुका टाळा

पंचगंगेनं पात्र सोडलं की कोल्हापुरातल्या कुठल्याही मेडिकलवर हे वाक्य ऐकू येतं : ‘ढाळ लागलेत, बांधणारी गोळी द्या की ओ.’ नाव ठाऊक नसतं, पण मागच्या वेळची पट्टी खिशात असते. ती पट्टी मागच्या आजाराची होती. आताचा आजार तोच आहे, हे कुणी ठरवलं?

ही गोळी बहुधा लोपेरामाइडची असते. ती जंतू मारत नाही, आतड्याची हालचाल मंदावते. म्हणून शौचातून रक्त पडत असेल, ताप चढला असेल किंवा पोट फुगलं असेल तर ती घेऊ नका; जे बाहेर पडायला हवं ते आतच कोंडतं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती मुळीच द्यायची नाही.

‘एकीनं भागंना म्हणून चार घेतल्या’ हे त्याहून वाईट. मोठ्या माणसाला साधारणपणे सुरुवातीला 2 मिलिग्रॅमच्या दोन, मग दर पातळ शौचानंतर एक, आणि डॉक्टरांच्या देखरेखीतसुद्धा दिवसाला 16 मिलिग्रॅमच्या वर नाही. जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 मध्ये तसा इशारा दिला होता. छातीत धडधड झाली, भोवळ आली, तर थेट कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा. दोन दिवसांत उतार पडला नाही, तरी गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि एसटीत बसायच्या आधी ‘सेफ्टी’ म्हणून एक? पोट ठीक असताना कशाला?

ढाळ थांबवणारीच, पण डायफेनॉक्सिलेट-अ‍ॅट्रोपिनची गोळी वेगळी. ती अफूवर्गातली, कुणी नशेसाठी खाऊ नये म्हणून त्यात किंचित अ‍ॅट्रोपिन घालतात. तिच्यावर दारू किंवा झोपेची गोळी नको. काचबिंदू असेल किंवा लघवी अडत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

पाण्याचं काय? गोळीनं ढाळ थांबले तरी अंगातलं गेलेलं पाणी भरून येत नाही. ते भरून काढायला ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची क्षार-साखरेची पुडी. मोठी पुडी एक लिटर पाण्याला असते, छोटी 200 मिलिलिटरला. मोठी पुडी पेल्यात ढवळून प्यायली तर क्षार जास्त होतात.

चुकून पोरानं डायफेनॉक्सिलेटची गोळी गिळली, तर ते खेळतंय म्हणून घरी थांबू नका. श्वास मंदावणं कित्येक तासांनीही सुरू होतं. पट्टी सोबत न्या आणि किती गोळ्या कमी आहेत ते सांगा.