‘तुमचं चर्च कुठलं?’ : पंथभेद हाताळताना या चुका टाळा

भायखळ्यात ग्लोरिया चर्च आहे आणि ख्राइस्ट चर्चही आहे. पहिलं रोमन कॅथलिक, दुसरं सीएनआयचं, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रॉटेस्टंट चर्चचं. पत्रिकेवर नुसतं ‘भायखळा चर्च’ छापलं की काही पाहुणे हमखास भलत्याच दारात उभे राहतात. पंथांबाबतचे बहुतेक गोंधळ याच जातीचे. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण आपल्या घरातले शब्द आणि रीती सगळ्याच ख्रिस्ती घरांत चालतात असं गृहीत धरलेलं असतं.

नावावरून पंथ ठरवणं

फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल (1718) नावावरून वाटतं तसं ना केरळी सिरियन, ना कॅथलिक. ते मूळचं अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचं), आता सीएनआयचं. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मुंबईच्या कॅथलिकांचं कॅथेड्रल कुलाब्यातलं होली नेम. ‘सिरियन ख्रिस्ती’ म्हटल्यावरही नेमकं काही कळत नाही. सिरो-मलबार हे पोपशी जोडलेले कॅथलिक, त्यांचा कल्याण धर्मप्रांत 1988चा. मार्थोमा आणि ऑर्थोडॉक्स वेगळे. त्यामुळे ‘कॅथलिक की प्रॉटेस्टंट?’ या प्रश्नाला ऑर्थोडॉक्स माणसाने काय उत्तर द्यावं?

सीएनआयलाही एका साच्यात बसवू नका. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या (चर्चसंस्था) एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. म्हणून सीएनआयच्या रचनेत बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्हींना जागा आहे. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र या ऐक्यात आले नाहीत. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल त्यांचं.

बाप्तिस्म्यावरून वाद

पाणी आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द असतील, तर कॅथलिक चर्च प्रॉटेस्टंट बाप्तिस्माही वैध मानतं आणि पुन्हा देत नाही. बॅप्टिस्ट व पेंटेकॉस्टल मंडळ्या सहसा तान्हेपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडवून देतात. मुलगा अशा मंडळीत जाऊ लागला की आई विचारते, ‘मग आम्ही दिलेला खोटा होता का?’ पाळकांशी हे आधीच बोलून घ्यावं, जेवणाच्या ताटावर नको. काही पेंटेकॉस्टल मंडळ्या फक्त ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात, त्याच्या वैधतेवर पुढे कॅथलिक लग्नाच्या वेळी प्रश्न येऊ शकतो. आणि मुक्तीफौजेत (साल्व्हेशन आर्मीत), जी मुंबईत 1882 साली आली, पाण्याचा बाप्तिस्मा नाहीच.

कॅथलिक बाळाचा मामा सीएनआयचा असेल, तर तो धर्मपिता होऊ शकत नाही. एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असेल, तर मामा साक्षीदार म्हणून शेजारी उभा राहू शकतो. हे बारशाच्या जेवणाचं सांगून झाल्यावर कळलं की मामा रुसतो. फादरना आधी विचारा.

लग्नाची कागदपत्रं शेवटी काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा किंवा मेथडिस्ट मुलगा असेल, तर बिशपच्या कार्यालयाची परवानगी लागते. मुलाचा बाप्तिस्माच झाला नसेल (मुक्तीफौजेतला मुलगाही यात येतो), तर परवानगी पुरत नाही, सूट लागते. ती न घेता लावलेलं लग्न चर्चच्या कायद्यात अवैध ठरतं. यात त्या मुलाच्या श्रद्धेचा अपमान नाही, फक्त अर्ज वेगळा असतो.

किमान तीन महिने आधी सुरुवात करा:

- कॅथलिक बाजूचा बाप्तिस्मा दाखला सहा महिन्यांच्या आतला, नव्याने काढलेला हवा. आधी कुठे लग्न झालं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत होते, म्हणून कपाटातला जुना दाखला चालत नाही.
- प्रॉटेस्टंट बाजूच्या दाखल्यात त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर पाळकांकडून पत्र घ्या.
- लग्न सीएनआय चर्चमध्ये लावायचं असेल, तर लग्न कॅथलिक विधीनेच लावण्याच्या अटीतून वेगळी सूट मागावी लागते.

दोन्हीकडच्या आज्यांना खूश करायला सकाळी एका चर्चमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्यात लग्न लावायचा बेत करू नका. कॅथलिक कायद्यात असा दुहेरी विधी चालत नाही. विधी एकच ठेवून दुसऱ्या बाजूच्या पाळकांना वाचनाला किंवा प्रार्थनेला बोलवता येतं.

रांगेत उभं राहणं

मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) कॅथलिकांनाच दिला जातो, अपवाद अगदी थोडे. इतरांनी जागेवर बसून राहावं, त्यात कुणाला काही वाटत नाही. सीएनआय आणि मेथडिस्ट उपासनेत दुसऱ्या मंडळीच्या सभासदांनाही बहुधा प्रभुभोजन (त्यांच्याकडचा हाच विधी) मिळतं. पण कॅथलिक पाहुण्याने ते घ्यावं असं त्याचं चर्च म्हणत नाही, तेव्हा ‘अहो, या ना’ असा आग्रह करू नका.

‘तुमचं तारण झालंय का?’

माउंट मेरीच्या जत्रेहून आलेल्या शेजारणीला हा प्रश्न म्हणजे सरळ टोमणा. ‘तुम्ही मरियेची पूजा करता’ हेही तसंच. कॅथलिक शिकवणीत आराधना फक्त देवाची, मरियेकडे मध्यस्थीची विनंती. मराठीत ‘भक्ती’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, घोळ तिथूनच सुरू होतो. उलट बाजूने ‘तुमचं बायबल अपुरं’ म्हणणारेही भेटतात. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात 66, फरक जुन्या करारात आहे. नवा करार दोघांचा सारखा, 27 पुस्तकांचा. दहा आज्ञांचे क्रमांकही जुळत नाहीत, म्हणून ‘सहावी आज्ञा’ न म्हणता ‘व्यभिचार करू नको’ असं सरळ म्हणा.

‘सगळे सारखेच’ म्हणून तयारी न करणं

मिश्र कुटुंबातल्या अंत्यविधीत नेमकं इथेच अडतं. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक बाकं थांबतात आणि प्रॉटेस्टंट बाकं ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव…’ पुढे म्हणू लागतात. अर्धे गप्प, अर्धे मोठ्याने, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. मिस्सात ही ओळ येते, पण मध्ये फादरांची प्रार्थना असते. शेवटची ओळ कधी म्हणायची ते आदल्या दिवशी फादर आणि पाळक या दोघांशी ठरवा, प्रार्थना पूर्ण शब्दांत छापा, आणि तो कागद प्रत्येक बाकावर ठेवा.